चार बोटं उघडं दार

जर्मनीतल्या कासेल शहरातल्या त्या चार मजली घराच्या तळघरात चार धुलाईयंत्रं ओळीनं उभी होती. त्यातलं डावीकडून दुसरं हेर, म्हणजे श्रीयुत, फेन्स्के यांचं. ते घेताना त्यांनी आपल्या पहिल्या मोटारीपेक्षा जास्त पैसे मोजले होते आणि त्याचा त्यांना एकदाही पश्चात्ताप झाला नव्हता. जन्मभर जमीन मोजण्याची नोकरी केलेला माणूस. दर महिन्याला यंत्रावर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर आहे ना, हे बघायचा. धुणं झालं की दाराचं रबर घडीघडीतून पुसायचा, साबणाचा खण बाहेर ओढून ठेवायचा आणि दार चार बोटं उघडं. पाच नाही, तीन नाही.

शेजारचं यंत्र तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, क्नोबेल यांचं. त्याच कारखान्याचं, तितकंच उत्तम. पण बाई धुणं काढलं की गुडघ्यानं दार धाडकन लावून घेत. ओलं रबर आत कोंडलं जाई. फेन्स्केंना ते बघवत नसे.

सांगायला काय लागतं? पण तेच त्यांना जमत नव्हतं. तीनदा जिन्यात त्यांनी तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा त्यातून "सुप्रभात" एवढंच बाहेर पडलं. त्या घरात जे बोलवत नसे ते कागदावर लिहून तळघराच्या दारावर चिकटवण्याची रीत होती. फेन्स्केंनी चार मसुदे केले. पाचवा चिकटवला:

"आदरणीय फ्राउ क्नोबेल, यंत्राचं दार धुण्यानंतर चार बोटं उघडं ठेवावं ही विनंती. अन्यथा वास येतो. सादर नमस्कार. फेन्स्के, दुसरा मजला."

संध्याकाळपर्यंत तो साऱ्या घरानं वाचला. सकाळी खाली लाल शाईत उत्तर होतं: "हेर फेन्स्के, आपलं नाक आपल्या मजल्यावर ठेवावं."

एवढ्यावर भागलं असतं, पण सप्टेंबर होता. दर सप्टेंबरात एका शनिवारी फ्राउ क्नोबेल आलुबुखाराचा केक करून साऱ्या घराला मागच्या अंगणात बोलवत. वर्षातून ती एकच दुपार फेन्स्के दुसऱ्या कुणाच्या टेबलाशी बसत. या खेपेला आमंत्रणाच्या चिठ्ठ्या सगळ्यांच्या पेटीत पडल्या. त्यांच्या पेटीत दातांच्या दवाखान्याची जाहिरात होती.

गुरुवारी ते खाली उतरले तर फ्राउ क्नोबेल यंत्राला लाथ घालत होत्या.

"हसा!" त्यांना पाहताच बाई म्हणाल्या. "पाणी आतच राहिलंय, दार उघडत नाही. परवा केकच्या वेळी लागणारा टेबलावरचा कपडा आत अडकलाय मेला."

"मी हसत नाहीये," फेन्स्के म्हणाले. "जाळी तुंबली असेल."

"कुठली जाळी?"

फेन्स्केंनी डोळे मिटले. बावीस वर्षांत या बाईनं खालचं झाकण उघडलं नव्हतं! "एखादं उथळ ताट आहे का? खोल भांडं झाकणाखाली बसत नाही."

बाईंनी केक भाजायचा मोठा पत्रा आणला. फेन्स्के पोटावर आडवे झाले, जाळी अर्धा फेरा फिरवली आणि पाण्यानं पत्रा, त्यांची बाही आणि बाईंच्या सपाता एकदम भरल्या. मागोमाग आल्या दोन बटणं, एक केसांची पिन आणि आलुबुखाराच्या सात बिया. मग वास आला.

"येतो की हो," बाई नाक दाबून म्हणाल्या.

"मला... फारसा नाही येत," फेन्स्के भिडेनं म्हणाले.

"मग सगळ्या घराला कशाला सांगितलंत? माणसानं थोडं गोड लिहावं!"

"पहिल्या मसुद्यात होतं," फेन्स्के जमिनीकडे बघत म्हणाले. "की तुमचा केक मला वर्षभर आठवतो."

"मग खोडलंत का?"

"विषयाला सोडून होतं."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "देवा, काय हा माणूस!"

कपडा निघाला, पण वासासकट. तो पुन्हा धुवायला हवा होता. फेन्स्केंनी आपल्या यंत्राचं दार पूर्ण उघडलं. आजवर त्याला परका हात लागला नव्हता. बाईंनी कपडा कोंबला आणि साबणाची बाटली खणात उपडी केली. गळगळ, गळगळ. मोजायचं टोपण बाजूला तसंच कोरडं. फेन्स्के छताकडे बघू लागले.

"बोला," बाई म्हणाल्या.

"काही नाही. छान कपडा आहे."

"फेन्स्के, बोला, नाहीतर फुटाल इथेच."

"अर्ध्या टोपणात भागलं असतं!"

"हे बघा, आलं की तोंडातून. आणि मी मेले का? शनिवारी चारला या. पण परत चिठ्ठी चिकटवलीत तर त्या पत्र्यानंच हाणीन."

शनिवारी अंगणात अकरा माणसं होती. फेन्स्केंनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. फ्राउ क्नोबेल यांनी ते बरोबर टिपलं.

"काय?"

साऱ्यांचे चमचे थांबले. फेन्स्केंचे कान लाल झाले.

"खालून करपलाय," ते म्हणाले.

बाईंनी आपला तुकडा उलटा करून पाहिला.

"करपलाय खरा," त्या म्हणाल्या. "मग घेऊ परत?"

"नको, नको," फेन्स्केंनी बशी घाईनं पुढे केली. "अजून एक वाढा."