टेबलाच्या पायाखालची अकरा घरं

मित्रांनो, मी एक जुनं स्टेडियम आहे, पण माझ्यात मुंगीलासुद्धा पाय पसरून बसता येणार नाही. मी आहे लाकडी नमुना. विद्यापीठाला खेळांसाठी मोठं स्टेडियम बांधायचं होतं, शहराला ते लहान हवं होतं, आणि भांडताना बोट दाखवायला समोर काहीतरी असावं म्हणून मला जन्माला घातलं.

एका म्हाताऱ्या कारागिराने पाच महिने खपून मला घडवलं. प्रेक्षकांचे मजले त्याने सुटे ठेवले, म्हणजे हवे तेव्हा काढता-चढवता येतील. भोवतीचे रस्ते केले, झाडं केली आणि पूर्वेच्या गल्लीतली अकरा घरंही केली. नखाएवढ्या त्या घरांना त्याने खिडक्या कोरल्या होत्या. निरोप देताना तो हमालांना म्हणाला, मुलासारखा वाढवलाय, सांभाळून न्या.

सभागृहाच्या दाराशी आल्यावर कळलं, की माझी फळी दारापेक्षा चार बोटं रुंद आहे. मजले काढून मला कुशीवर उभं केलं असतं, तर मी बिनबोभाट आत गेलो असतो. दहा मिनिटांचं काम होतं. पण विद्यापीठाच्या कुलसचिव साहेबांना बैठकीची घाई झाली होती आणि सभागृहाच्या शिपाईकाकांच्या हाताशी करवत होती. साहेबांनी मान हलवली, काकांनी करवत चालवली, अकरा घरं फळीसकट गेली. आतलं टेबल डुगडुगत होतं. काकांनी ती पट्टी उलटी करून त्याच्या पायाखाली सरकवली. टेबल हलेनासं झालं आणि सगळे खूश झाले.

पुढची दोन वर्षं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. शहराच्या नियोजन अधिकारी मॅडम म्हणायच्या, वरचा मजला नको. काका तो काढायचे. साहेब म्हणायचे, मग मुलांनी काय झाडावर बसायचं? काका तो चढवायचे. शेवटी एकमेकांवर भरवसा उरला नाही, तेव्हा तो मजला कपाटात ठेवून दोन कुलपं लावली, एकेकाकडे एकेक किल्ली. एकदा साहेब किल्ली घरी विसरले. ती बैठक मजल्याविना पार पडली, आणि ती झालीच नव्हती असं पुढच्या बैठकीत ठरलं. काढघाल सोसून माझ्या खुंट्या खिळखिळ्या झाल्या. पाहुणे आले की मात्र माझं कौतुक व्हायचं. काय सुबक काम आहे, असं म्हणत ते माझ्या मैदानावर चहाचा कप ठेवायचे.

अखेर तडजोड झाली. वरचा मजला रद्द, रात्री नऊनंतर दिवे आणि लाउडस्पीकर बंद. मोठं प्रवेशदार आणि लाउडस्पीकरचा खांब पूर्वेला, कारण तिकडे कुणी राहतच नाही. हे ऐकून माझा जीव नुसता तळमळला. पण लाकडाला तोंड कुठे असतं?

सह्यांच्या दिवशी हरकती ऐकायला शेवटचा एक तास ठेवला होता. रुग्णालयातली एक परिचारिका रात्रपाळी संपवून तशीच आली. डोळे तांबारलेले, पायांत कामावरचेच बूट. तिने माझ्याभोवती दोन चकरा मारल्या.

"माझं घर कुठंय यात?" तिने विचारलं.

मॅडमनी नकाशे चाळले, पण तेही माझ्यावरूनच काढलेले होते. साहेब म्हणाले, नमुन्यात नाही म्हणजे हद्दीबाहेर असणार. शिवाय नऊनंतर चिडीचूप शांतता आहे, आणखी काय हवं?

"साहेब, माझी रात्र सकाळी आठला सुरू होते," ती म्हणाली. "दिवसभर तो खांब माझ्या खिडकीशी बोंबलला, तर मी झोपू कधी? आणि न झोपता कुणाच्या हातात सुई टोचू?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. एक सही झाली असती की संपलंच होतं. तेवढ्यात दाराशी उभे असलेले शिपाईकाका खाकरले.

"ताईंचं घर टेबलाखाली आहे," ते म्हणाले. "मीच कापलं होतं."

ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पट्टी ओढून काढली. टेबल कलंडलं, चहा कागदांवर सांडला. काकांनी बाहीने धूळ पुसून पट्टी माझ्या कडेला लावली, तर करवतीच्या खुणा तंतोतंत जुळल्या. अकरापैकी दोन घरं चेपली होती. परिचारिकेने सातव्या घरावर बोट ठेवलं आणि मॅडमनी नकाशे गुंडाळले.

आणखी चार महिने भांडण चाललं. प्रवेशदार आणि खांब दक्षिणेच्या मोकळ्या माळाकडे गेले. दिवसाच्या आवाजालाही मर्यादा आली. काकांनी पट्टी सरस लावून मला पुन्हा चिकटवली.

मग खरं स्टेडियम उभं राहिलं आणि माझी गरज संपली. गेल्या आठवड्यात मला अडगळीत न्यायला निघाले. दार तेवढंच अरुंद, आणि मी पुन्हा चार बोटं रुंद. साहेब म्हणाले, "आणा करवत."

मित्रांनो, दोन वर्षं त्या घरांवर टेबल उभं होतं, त्या टेबलावर हे सगळे जेवले होते, आणि तरी हा माणूस करवत मागत होता. माझ्या लाकडाचा संताप झाला.

"दहा मिनिटं थांबा, साहेब," काका म्हणाले.

त्यांनी माझे मजले एकेक करून उतरवले आणि मला कुशीवर उभं केलं. आता अडगळीत मी तसाच उभा आहे, अंगावर धूळ साचते आहे, त्याचं मला काही नाही. तुम्हाला कधी एखादं दार अरुंद पडलं, तर एवढी दहा मिनिटं तुम्हीही थांबा. मी त्या दारातून अलगद बाहेर आलो, आणि काकांनी अकरा घरांची कड वरच्या बाजूला धरली होती.