रस्ता गरम होता

दर गुरुवारी डोंगरावरच्या आदिवासी वस्त्यांमधली मोठी पोरं शाळेच्या बसने दवाखान्यात यायची आणि सिस्टर त्यांना दारूचे प्रताप दाखवायची. प्लास्टरच्या खोलीत उजवा हात गळ्यात बांधून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला सांगायची, मग लांब व्हरांड्यात चाकाच्या खुर्च्यांवर बसवायची. पोरं तिथेही शर्यत लावायची. सिस्टर त्यांना हसू द्यायची. हसणारं पोर निदान ऐकत असतं, मुकाट मान डोलावणारं मनाने कधीच बाहेर गेलेलं असतं, असा तिचा अनुभव होता.

ती स्वतः त्यांच्यातलीच, वस्तीतून नर्स झालेली पहिली. म्हणूनच मोठ्या डॉक्टरांनी हा वर्ग तिच्या गळ्यात घातला. वरून छापून आलेल्या तक्त्यांवर एक टायवाला साहेब चकचकीत मोटार झाडावर आपटत होता. वस्तीत मोटार कुणाकडे नव्हती, आणि टाय तर कुणी गुरांनाही बांधला नसता. 'पिऊच नका' सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा तिने स्वतःच एक ओळ जुळवली: 'पोटात दारू, गाडी नको मारू, पायीच घरची वाट धरू.' पोरं ती सुरात म्हणायची. मोटारसायकलवरून फुटून येणारी डोकी खरोखर कमी झाली. डॉक्टरांनी खूश होऊन ती ओळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली. सिस्टरला त्या भिंतीचा अभिमान होता, आणि का नसावा?

मग एके दिवशी स्ट्रेचरवरून तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा आला. ट्रक त्याच्या पायांवरून गेला होता. डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शाळेत असताना याच व्हरांड्यात त्याने खुर्चीची शर्यत जिंकली होती आणि मावशीच्या मागे लागून बक्षीस उकळलं होतं.

हकीकत त्याच्या मित्रांनी सांगितली. बाजाराच्या गावी चौघे मिळून प्यायले. परत निघताना तिघे एका मोटारसायकलवर बसले आणि याला म्हणाले, तूही बस, दाटीवाटीने जाऊ. याने त्यांना मावशीची ओळ म्हणून दाखवली, त्यांची टिंगल ऐकून घेतली आणि चालू लागला. ते तिघे झिंगलेले, गाडी वेडीवाकडी हाकत घरी सुखरूप पोचले. ज्याने शहाणपणाचं ऐकलं, तोच चिरडला गेला. असला न्याय बघितला की रागवायचं कुणावर तेही कळत नाही.

बहीण वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून असायची. सिस्टरने आणलेला चहा ती बाकाखाली सरकवून ठेवी आणि तो तिथेच गार होई. पहिल्या दिवशी ती एकदाच बोलली होती, "तुझंच ऐकलं त्याने." आपलेच दात आणि आपलेच ओठ. सिस्टरने गाऱ्हाणं न्यायचं तरी कुणाकडे?

जखम सुकल्यावर मोठ्या डॉक्टरांनी सुचवलं की याला गुरुवारी पोरांसमोर बसवू या. माणूस वाईट नव्हता. शंभर तक्ते जे करणार नाहीत ते हा एक पोरगा करेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त त्याने दारू पिऊन रस्त्यात पडलो एवढंच सांगावं, बाकीच्या तपशिलाने मुलांचा गोंधळ उडेल, असं त्यांनी बजावलं. बाकीचा तपशील म्हणजे भिंतीवरची ओळ. सिस्टरला ते पटलं नाही, पण सोयीचंही वाटलं. वर्गावरचा विश्वास उडाला तर पुन्हा डोकी फुटतील, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली.

भाच्याला विचारलं तेव्हा तो बराच वेळ चादरीवरची सपाट जागा चाचपत राहिला.

"बसेन मी पोरांसमोर," तो म्हणाला. "पण मी पडलो नव्हतो, मावशी. बसलो होतो."

"भर रस्त्यात?"

"थंडी होती. रस्ता गरम होता. म्हटलं, घटकाभर टेकू."

पुढचं त्याने सांगायची गरजच उरली नाही. दिवसभर तापलेलं डांबर अंधार पडल्यावरही ऊब धरून ठेवतं, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं. लहानपणी ती आणि बहीण त्या रस्त्यावर शेजारी शेजारी पाठ शेकत पडायच्या, आणि आईचा हाका मारून घसा बसायचा. तेव्हा दिवसाकाठी एखादी गाडी यायची. आता खाणीचे ट्रक रात्रभर धावतात. प्यायलेला पोरगा थंडीत पायी निघाला तर कुठे टेकेल, हे डॉक्टरांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला ठाऊक होतं. पण अंगावर नर्सचे कपडे चढल्यापासून, आपण रस्त्यावर निजायचो, ही चारचौघांत सांगायची गोष्ट राहिली नव्हती. तिला त्याची लाज वाटायची. आपल्या लाजेपायी पोराचा पाय गेला, हे तिला तिथे खाटेपाशीच कळलं, आणि ती तशीच औषधांच्या खोलीत जाऊन रडली.

गुरुवारी भाचा पोरांसमोर खुर्चीत बसला. मुलाच्या तोंडून काय वदवून घेतात ते बघायला बहीणही आली आणि दाराशी उभी राहिली. डॉक्टर मागच्या रांगेत होते. पोरांनी सवयीने भिंतीवरची ओळ म्हटली. त्या दिवशी शर्यत कुणी लावली नव्हती.

भाचा खालमानेने बोलला, पण सगळं बोलला. ओळ, मित्र, चालणं, गरम रस्ता. डॉक्टर चुळबुळत उठले आणि म्हणाले की मुळात दारूला शिवायचंच नाही, हाच यातला धडा. पोरांनी मुकाट माना डोलावल्या. त्या माना सिस्टरच्या चांगल्या ओळखीच्या होत्या.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीची मान मात्र हलली नाही. तिचा भाऊ खाणीवर कामाला होता आणि पगाराच्या दिवशी हमखास प्यायचा.

"गाडीवर बसायचं नाही, चालायचंही नाही," ती म्हणाली. "मग प्यायलेल्याने घरी यायचं कसं?"

यायचंच नाही, असं सिस्टर म्हणाली. जिथे प्यायला तिथेच पडून राहायचं, एकाने न पिता बाकीच्यांची राखण करायची आणि सकाळी घरच्यांच्या शिव्या खायला यायचं. एवढंच सुचतंय आणि ते पुरेसं नाही, हेही तिने सांगून टाकलं. मग ती भिंतीकडे वळली.

"ही ओळ माझी आहे. ती अर्धवट होती, आणि उरलेलं अर्धं मला माहीत होतं. आता खरं सांगा. त्या रस्त्यावर शेकायला कोण कोण निजलंय?"

आधी तिने स्वतःचा हात वर केला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग त्या मुलीचा हात वर झाला, तिच्या शेजारचीचा झाला, आणि बघता बघता सगळ्या वर्गाचे हात वर गेले. डॉक्टर बघतच राहिले. हा प्रश्न आजवर त्यांना कधी सुचलाच नव्हता. भाच्यानेही हात वर केला.

सगळ्यात शेवटी दाराशी उभ्या असलेल्या बहिणीचा हात वर झाला.

"थंडीने फार रडायचा हा," ती म्हणाली. ती कुणाशी बोलत होती, ते तिलाही माहीत नसावं. "मीच कडेवर घेऊन रस्त्यावर न्यायचे. खाली ठेवायचे आणि सांगायचे, इथे बस राजा, इथे गरम असतं."

भाच्याने मागे वळून आईकडे बघितलं. सिस्टरने हात खाली घेतला, पोरांनीही घेतले. बहिणीचा हात मात्र तसाच वर होता. तो खाली घ्यायचा असतो, याचं तिला भानच नव्हतं.