आईच्या मापाची गाडी

एसयूव्ही घ्यायची, मोठी, तीही सात सीटांची, हे दादाचं आणि माझं फोनवरच ठरलं होतं. वहिनीला आम्ही विचारलंही नव्हतं. ती शाळांचे गणवेश शिवते. गाड्यांमधलं तिला काय कळणार, असा आम्हा भावाबहिणीचा समज.

जुनी गाडी बदलायची ती आईसाठी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या बुटक्या गाडीत ती धप्पकन खाली जायची आणि बाहेर काढायला दोघं लागायचे. "गुडघ्यापेक्षा खाली बसवू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावरून दादाने सोयीचा अर्थ काढला: जितकी उंच, तितकी बरी.

रविवारी सकाळी शोरूममध्ये आमची वरात पोचली. दादा, वहिनी, आई, जुळ्या पुतण्या आणि खास या कामासाठी परगावाहून आलेली मी. दादा थेट काळ्या, धिप्पाड गाडीपाशी जाऊन उभा राहिला. सेल्समनची टकळी सुरू झाली. छताची काच सरकते, समोरचा स्क्रीन एवढा मोठा, इंजिन असं आणि तसं. तेवढ्यात वहिनीने पर्समधून टेप काढली आणि दार उघडून जमिनीपासून सीटपर्यंत लावली.

"बत्तीस इंच. आईंना चोवीस हवेत. काल चपला घालायला लावून मोजलंय मी."

"मॅडम, खाली पायरी आहे ना," सेल्समन हसला.

"पायरी तुमची आहे, पाय आईंचा आहे."

दादा वैतागला. "अगं, गाडी घेतेयस की झबलं शिवतेयस?"

"अहो, दोन्हीत माणूस मावावा लागतो."

आईला वाद नको होता. शिवाय लेकाचा हिरमोड करणं तिच्या जिवावर आलं. "जमेल रे मला," म्हणत तिने पायरीवर पाय ठेवला. एका बाजूने दादा, दुसऱ्या बाजूने मी, असं करत तिला वर चढवलं. ती ऐटीत बसली. दादाने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"छान. आता उतरा, आई," वहिनी म्हणाली.

आईने पाय बाहेर काढला. वरून तिला पायरी दिसेना. पाऊल हवेत चाचपडत राहिलं. "थांबा जरा," ती म्हणाली. मग अगदी हळू, "मला भीती वाटतेय रे."

दादाने पुढे होऊन तिला अलगद उचलून खाली ठेवलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. "ही नको," तो सेल्समनला म्हणाला, आणि वहिनीकडे वळला. "तू बघ आता."

तिने आधीच बघून ठेवली होती. कोपऱ्यात एक मध्यम आकाराची एसयूव्ही होती. सीट बरोबर चोवीस इंचांवर. आईचा वॉकर घडी करून तिने डिकीत ठेवून पाहिला, उरलेल्या जागेत गणवेशांचे गठ्ठे बसतील का ते मोजलं. पुतण्यांना मागे बसवून विचारलं, "बाहेरचं दिसतंय का गं?" कारण बाहेरचं दिसलं नाही की त्यातल्या एकीला मळमळतं.

"हिच्यात पाचच सीटा," मी कुरकुरले. "मी आले की काय करायचं?"

"तू येतेस वर्षातून चारदा. त्यासाठी वर्षभर दोन रिकाम्या सीटा फिरवायच्या?" तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आलीस की मी घरी थांबेन. मला तेवढाच आराम."

मला हसूच फुटलं.

दादाने आईला शेजारी बसवून एक चक्कर मारली. परत आला तो खुशीत. "आपल्या गल्लीत एका दमात वळेल ही," म्हणाला. गाडी त्यानेच शोधून काढली असावी, असा त्याचा आवाज होता. वहिनीने तो आनंद त्याला घेऊ दिला.

तीन आठवड्यांनी गाडी घरी आली, तेव्हा वहिनीने व्हिडिओ कॉल लावून मला सगळं दाखवलं. दादा माहितीपुस्तक वाचत उभा होता, मुलींचं खिडकीवरून भांडण जुंपलं होतं. तेवढ्यात आई काठी टेकत आली. तिने दार उघडलं, पाठ वळवली, सीटवर बसली आणि एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही. मग बेल्ट ओढून लावला.

"चला लवकर, उशीर होतोय," ती म्हणाली.

कुठे जायचं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. दादाने माहितीपुस्तक मिटलं आणि गाडी सुरू केली.