जिराफ घरोघरी

मावशी दर रविवारी पेपरात कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर लिहिते. माऊस हातात धरला की ज्यांना घाम फुटतो, अशा लोकांसाठी. तिची पहिली वाचक मी. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल, असं ती म्हणते. ही स्तुती की टोमणा, ते मी अजून विचारलेलं नाही.

मध्यंतरी संपादकांनी तिला सुनावलं, "बाई, तुमचं लिखाण लोकांच्या डोक्यावरून जातंय. असंच चाललं तर ती जागा मी शब्दकोड्याला देईन."

मावशीचा चहा त्या दिवशी कपातच गार झाला. मग तिने पासवर्डवर लिहायला घेतलं. स्वतःचं नाव नको, जन्मतारीख नको. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द जोडा. मी म्हटलं, "उदाहरण दे ना. उदाहरणाशिवाय गणितसुद्धा कळत नाही." तिने खोलीभर नजर फिरवली आणि लिहिलं: शिडी, कांदा, चप्पल. चौथा सुचेना, म्हणून मी मध्ये जिराफ घुसवला.

लेख गाजला. पत्रं आली, संपादक खूश झाले, शब्दकोडं टळलं. जिराफाचं श्रेय मी वर्गात भरपूर मिरवलं.

मग गेल्या आठवड्यात ओळखपत्राचा फोटो काढायला गेले. फोटोवाले काका एका बोटाने टाइप करत पुटपुटत होते, "शिडी... कांदा..."

"जिराफ, चप्पल," मी स्टुलावरूनच पुरं केलं.

काकांचं बोट हवेतच राहिलं. "तुला कसं ठाऊक?"

"काका, ते पेपरात आलंय."

"म्हणून तर टाकलं. छापून आलंय म्हणजे खात्रीचंच असणार की."

त्या कॉम्प्युटरमध्ये अख्ख्या वस्तीची लग्नं आहेत. घरी जाताना मी औषधांच्या दुकानात डोकावले. तिथेही जिराफ. वाचनालयातल्या ताई मात्र हुशारीने म्हणाल्या, "मी काही जसाच्या तसा नाही घेतला. शेवटी एक आकडा लावलाय."

"एक?"

"अगबाई, कसं ओळखलंस?"

मावशीला सगळं सांगितलं तेव्हा ती कांदाच चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे सगळ्यांच्या दाराला मी एकच कुलूप लावलं आणि किल्ली पेपरात छापली."

"आता काय करायचं?"

"लिहायचं. पासवर्ड बदला म्हणून."

"संपादक जागा काढून घेतील."

"घेऊ देत. काकांचे फोटो गेले तर ते कुठून आणू?"

तिने संपादकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. हात कांद्याचे होते, आणि मलाही ऐकायचं होतं. तिने घडलेलं सांगितलं. चूक माझीच, म्हणाली, उदाहरण वापरायचं नसतं हे लिहायचंच राहून गेलं.

"असं कोण करतं हो?" संपादक हसले. "आपले वाचक इतके भाबडे नाहीत."

मावशीने फोटोवाले, औषधवाले आणि वाचनालय असे तीन भाबडे मोजून दाखवले. पलीकडून कीबोर्ड बडवल्याचा आवाज येऊ लागला.

"साहेब, आहात ना?"

"आहे, आहे. जरा थांबा." पुन्हा खडखड. "हा नवीन मागतोय. काय टाकू?"

"ते मला सांगायचं नसतं, साहेब."

मी तोंडात ओढणी कोंबली.

रविवारी लेख आला, तोही पहिल्या पानावर. या वेळी उदाहरणाच्या जागी मावशीने चार रिकाम्या चौकटी दिल्या होत्या आणि खाली ठळक अक्षरांत: शब्द मनातच भरा, कागदावर नाही.

फोटो आणायला गेले तेव्हा काका तो पेपर समोर ठेवून बसले होते. पासवर्ड बदलला म्हणाले, पण चेहरा रुसलेला.

"मावशीला सांग, उत्तरं पुढच्या रविवारी द्यायला विसरू नका. शब्दकोडं दिलं की उत्तरं द्यावी लागतात."