चार नंबरचा सापळा

मामाच्या सोयाबीनमध्ये मी पाच सापळे लावले होते. प्रत्येकात मादीच्या वासाची कुपी. त्या वासाला भुलून पानं खाणाऱ्या अळीचे नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. कुठल्याही सापळ्यात सलग तीन दिवस आठाच्या वर पतंग आले की फवारायचं, असं ठरलं होतं. बांधालगत मामीच्या मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या आणि पीक फुलावर होतं. फुकटची फवारणी झाली असती तर माश्या मेल्या असत्या.

बाकी सापळ्यांत दोन-तीन पतंग. घराजवळच्या चार नंबरमध्ये मात्र दोन दिवस अकरा-अकरा.

कुणीतरी त्यात पतंग आणून टाकत असावं. माझा संशय फवारणीच्या पंपवाल्यावर होता. फवारणी हेच त्याचं पोट. मला तो ‘किडेमास्तरीण’ म्हणायचा आणि कधी मारायचं, हे दोनदा विचारून गेला होता.

तिसऱ्या सकाळी बारा निघाले. भिंगाखाली एकेकाचं पोट दाबून पाहिलं. सातांच्या पोटात अंडी होती. मादीच्या वासाला मादी कशाला येईल? दिव्यावर मात्र नर-मादी दोन्ही येतात; हे पतंग कुणीतरी दिव्याखालून गोळा केले होते. आसपास दिवा एकच, मामाच्या ओसरीवरचा. आणि जन्मात केरसुणीला हात न लावलेला मामा तीन दिवस चहाआधी ओसरी झाडत होता. सूर्य पश्चिमेला उगवला म्हणून मामी हसलीही होती.

मी कागदावर ते सात पतंग त्याच्यापुढे ठेवले. “मामा, या माद्या आहेत.”

त्याने एक पतंग बोटाने उलटा केला. “गेल्या साली तू थांब म्हणालीस, मी थांबलो. आठ दिवसांत पानांची चाळण झाली. भाचीला चुकलीस कसं म्हणू? म्हटलं, यंदा तुझा आकडाच ‘फवार’ म्हणू दे.”

कुंपणच शेत खातंय, असं बोलायचं मी ठरवून आले होते.

“गेल्या साली मी भर दुपारी अळ्या मोजल्या,” मी म्हणाले. “उन्हात त्या मातीत लपतात. मला नंतर कळलं. सांगितलं नाही.”

मामाने खुंटीवरचं पांढरं कापड काढलं. ऊन चढायच्या आत आम्ही दोन ओळींमध्ये ते अंथरून झाडं हलवली. मीटरभर ओळीत चार अळ्या निघाल्या तर फवारायचं. मोजत तोच होता. एक. पुढे दोन. मग एकही नाही. माझा त्याच्यावर विश्वास नसल्यासारखा तो प्रत्येक झाड दोनदा हलवत होता.

नवव्या ठिकाणी पंपवाला बांधावर येऊन उभा राहिला.

“थांब,” मामा मान वर न करता म्हणाला. “अजून मोजतोय.”