हातातून पडलेली स्टिक

आमचे हे रेकॉर्डिंगला ड्रम वाजवीत. पालघरजवळच्या सरावलीहून पहाटे निघायचं, मुंबईच्या स्टुडिओत दिवसभर वाजवायचं. तबकडीवर यांचं नाव कधी नसे. पण रेडिओवर गाणं लागलं की पूजेत माझा हात थांबायचा. यांचा ठोका मला कळे. देव रागावला नसावा.

अठ्ठ्याहत्तर साल असेल. तेव्हा वादक, गायक सगळे एकदमच वाजवीत-गात. एकाचं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

त्या संकष्टीला नरहरीभाऊजी घरी आले. ते त्याच स्टुडिओत व्हायोलिन वाजवीत. यांना पंधरवडाभर बोलावणं नव्हतं. हातातून स्टिक पडून टेक वाया गेला, म्हणून वाद्यमेळ बसवणारे अरेंजरसाहेब चिडलेत, एवढंच मला ठाऊक.

"वहिनी, विश्रामच्या हातातून स्टिक पडंल? झोपेत तरी पडंल?" भाऊजी तावातावाने म्हणाले. "नवी पोरगी गायला आलेली. घाबरली, दोनदा चुकीच्या जागी गाणं उचललं. ती चुकली की यानं धाडकन स्टिक टाकायची! साहेबांना वाटलं, टेक यानंच मोडला."

"हाताला घाम आल्ता," हे म्हणाले.

"थापा नको मारू! तिसऱ्यांदा काय गायली पोरगी! साहेबांना खरं सांग, उद्या परत घेतील. नायतर सोमवारपास्नं तुझ्या जागेवर दुसरा बसतोय, कायमचा."

"आन् तिचं काय? पयल्याच गाण्याला असं कळलं तर तिला परत कोण बोलवंल?"

"तिचं ती बघंल. वहिनी, तुमी तरी सांगा याला. तुमचं ऐकतो."

ऐकलं असतं. घरात दुसरी मिळकत नव्हती. हे मान खाली घालून बसले होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "चंद्र दिसला की नैवेद्य दाखवते. मोदक खाऊनच जा."

"दोघं सारखीच येडी हाय!" म्हणत त्यांनी कपाळावर हात मारला. पण जेवून गेले.

सोमवारी दुसरा ड्रमर बसला. त्या लग्नसराईत हे पालघरच्या बँडबरोबर, गळ्यात ढोल अडकवून वरातीपुढे चालू लागले. ओळखीचे हसत. हे मात्र समोर माईक असल्यासारखा एकेक ठोका जपून वाजवीत.

एका वरातीला मी रस्त्याकडेला उभी होते. शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "काय वाजवतो हो हा ढोलवाला!"

मी पदर सारखा केला, दोन पावलं पुढे झाले आणि म्हटलं, "ते आमचे."