देवाला वाहिलेली आत्या

शीतलचा वाढदिवस घरात आजवर कुणी केला नव्हता. कागदावर तो एक जूनला यायचा, कारण कुंभार पिंपळगावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख एक जूनच लिहून टाकली होती. खरा दिवस फक्त आईला आठवायचा, तोही अर्धवट. थंडी होती आणि तूर अजून रानात उभी होती, एवढंच ती सांगायची. त्यामुळे मे महिन्यात एकदा जेवताना धाकटा भाऊ हरिओम म्हणाला की यंदा अक्काची पन्नाशी थाटात करायची, तेव्हा शीतलला वाटलं तो थट्टाच करतोय.

पण तो खरंच कामाला लागला. जालन्यातल्या घराच्या गच्चीवर मांडव ठरला, आचारी ठरला, बिनअंड्याचा केक सांगून झाला. भावजय भावना स्वतः बाजारात जाऊन साडी घेऊन आली. पांढुरक्या रंगाची, बारीक काठाची. शीतलला गडद रंग आवडायचे. पण भावनानं तिच्यासाठी काही आणावं हेच इतकं नवीन होतं, की तिनं साडी खांद्यावर टाकून आरशात पाहिली आणि छान आहे म्हणाली. कंपनीतल्या बायकांना तिनं स्वतः आमंत्रणं दिली. एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात ती पॅकिंगची सुपरवायझर होती. सकाळी कंपनीच्या टेम्पोत बसताना तिचा चेहरा इतका उजळलेला असायचा, की बायका तिला चिडवायच्या.

तिचं आयुष्य तसं सगळ्यांना ठाऊक होतं. ती विशीत असताना वडील विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. हरिओम तेव्हा शाळेत होता. जमीन बटईनं देऊन आई, सोनूबाई, दोन्ही लेकरांना घेऊन जालन्याला आली आणि शीतल कारखान्यात बियाणं निवडायला लागली. तिला स्थळं आली नाहीत असं नाही. अंबडकडचा एक शिक्षक होता, परतूरचा एक कंपाउंडर दोनदा येऊन गेला. सोनूबाई म्हणायची, हरिओमची दहावी होऊ दे. मग म्हणाली, त्याचा डिप्लोमा होऊ दे. मग त्याचं लग्न आलं. मग आर्यन झाला, भावना बाळंतपणानंतर वर्षभर आजारी राहिली, आणि ते पोर शीतलच्या कडेवरच वाढलं. त्यानंतर स्थळांची गोष्ट घरात निघायची बंद झाली.

बाविसाव्या वर्षी तिनं संकष्टी धरली होती. राजूरच्या गणपतीला तिनं अगदी सरळ शब्दांत मागितलं होतं, की मला चांगला नवरा दे. पुढं मंगळवारही धरला. अंगारकीला कंपनीतल्या बायकांबरोबर ती चालत राजूरला जायची. वर्षं गेली. मागणं मागं पडलं, उपास तेवढे राहिले. लोक म्हणायला लागले, शीतलबाई फार देवधर्माच्या. तिलाही ते बरंच पडलं. लग्न का नाही केलं म्हणून विचारणाऱ्या बायका आधी तिची कीव करायच्या, आता नमस्कार करायच्या. कीव करून घेण्यापेक्षा नमस्कार बरा, असं तिचं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि ते सगळंच ढोंग होतं असंही नाही. चंद्रोदयाची वाट पाहत गच्चीवर एकटीच बसलेली असताना तिला कधीकधी वाटायचं, कुणीतरी आहे, आणि ते आपलं ऐकतं आहे. तेवढ्यावर तिचे महिने निघून जायचे.

एक जूनच्या संध्याकाळी गच्ची भरून गेली. शेजारचे आले, कंपनीतल्या बायका आल्या. पुढच्या रांगेत आष्टीचे बद्रीनाथ आणि त्यांची बायको बसले होते. आर्यनसाठी त्यांच्या मुलीचं बोलणं चालू होतं, त्यामुळे त्यांना बोलावलं यात नवल नव्हतं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर भगव्या वस्त्रातल्या एक बाई होत्या. गोदाकाठच्या कुठल्याशा आश्रमाच्या त्या प्रमुख, सगळे त्यांना माई म्हणत होते. आपल्याला आशीर्वाद मिळावा म्हणून हरिओमनं त्यांना आणलं, या विचारानं शीतलचं मन भरून आलं.

सुवासिनींनी पन्नास दिव्यांचं ताट ओवाळलं. केक कापला. मग हरिओमनं माईक तिच्या हातात दिला आणि म्हणाला, अक्का, पन्नास वर्षांत आयुष्यानं काय शिकवलं, ते सांग.

दोन शब्द बोलावे लागतील हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ती आठवडाभर टेम्पोत येता-जाता त्याचाच विचार करत होती.

"मला काही भाषण येत न्हाई," ती म्हणाली. "देवाकडं मी एकच गोष्ट मागितली होती. ती त्यानं दिली न्हाई. लई दिवस मला त्याचा राग होता. मंग एक दिवस ध्यानात आलं, की त्याच्या बदल्यात त्यानं मला हे घर दिलं. आई दिली, भाऊ-भावजय दिली, आर्यन दिला. माणसानं जे मिळालं न्हाई ते मोजू नये. घर मिळालं, बस्स झालं."

टाळ्या झाल्या. कंपनीतल्या दोघीतिघींनी पदरानं डोळे पुसले. हरिओमनं माईक परत घेतला. तो बोलत असताना शीतल अजून आपल्याच शब्दांत होती, त्यामुळे सुरुवातीचं तिला नीट ऐकू आलं नाही. त्याग, तपश्चर्या असं काहीतरी तो म्हणत होता. मग त्यानं सांगितलं की अक्काची कित्येक वर्षांची एक इच्छा होती, पण संसाराच्या रामरगाड्यात ती राहून गेली. आता पन्नाशीनंतर तिला देवाच्या सेवेला मोकळं करणं हे आम्हा सगळ्यांचं कर्तव्य आहे. माईंच्या कृपेनं आश्रमात तिच्यासाठी खोली मिळाली आहे. दसऱ्याच्या आधी अक्का तिकडं राहायला जाणार.

पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात. माई उठल्या, त्यांनी शीतलच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्या मनानं येताय ना?"

शीतलनं तोंड उघडायच्या आत हरिओम म्हणाला, "माई, तिच्याच मनात होतं हे."

बद्रीनाथांनी समोर येऊन तिला वाकून नमस्कार केला. त्यांच्या बायकोनंही केला. शीतल हातात शाल-श्रीफळ घेऊन उभी होती. पांढुरकी साडी का आणली, ते तिला आता कळलं.

पाहुणे जेवायला बसल्यावर तिनं हरिओमला स्वयंपाकघरात गाठलं. तो पुऱ्यांचं ताट घेऊन निघाला होता. तिनं विचारलं, हे कधी ठरलं. तो म्हणाला, अक्का, तूच म्हणायचीस ना, म्हातारपणी गोदाकाठी जाऊन राहीन म्हणून. ती म्हणाली, बोलायला माणूस काय वाट्टेल ते बोलतं. तेव्हा त्यानं ताट ओट्यावर ठेवलं.

"हे बघ, बद्रीनाथांच्या घरचे विचारून राह्यलेत," तो म्हणाला. "घरात बिनलग्नाची आत्या का हाये, तिचा काही प्रॉब्लेम हाये का, उद्या आमच्या पोरीनं तिचंही करायचं का. मी काय सांगू त्यांना? आश्रमात जाणार म्हणलं, की प्रश्नच मिटला. वरतून मान हाये. आणि खोल्या किती हायेत आपल्याकडं, तुला माहीत हाये."

"नौकरी?"

"किती दिवस करशील आता? आम्ही काय तुला रस्त्यावर सोडून राह्यलोत का? देवाच्या दारी पाठवून राह्यलोत."

भावना दारात येऊन उभी राहिली होती. ती पुऱ्यांचं ताट उचलून बाहेर घेऊन गेली.

शीतल आईच्या खोलीत गेली. गुडघ्यांमुळे सोनूबाईला जिना चढवत नसे, म्हणून ती खालीच पलंगावर बसून होती. तिला जेवणाचं ताट आणून दिलेलं होतं. शीतलनं तिच्या पायाशी बसून विचारलं, तुला माहीत होतं का. सोनूबाईनं श्रीखंडात पुरी बुडवली आणि म्हणाली, हरिओमनं सांगितलं होतं.

"मंग तू न्हाई का म्हणली न्हाईस?"

"आता मी काय म्हणू? तू तर कवाच देवाची झाली होतीस, बाई. इतके उपास कोण करतं?"

वरून वाढप्यांचे आवाज येत होते. मग आजवर कुणाला न सांगितलेलं ती बोलून गेली.

"आई, ते उपास मी नवरा मिळावा म्हणून धरले होते."

सोनूबाईनं घास खाली ठेवला नाही. तो तोंडात घातला, चावला, गिळला.

"ठाव हाय मला," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या दे म्हणून हात पुढं केला.

शीतलनं तांब्या दिला.

ती आश्रमात गेली नाही. आठ-दहा दिवसांत कंपनीतल्या एका बाईच्या ओळखीनं तिनं एमआयडीसीजवळ एक खोली पाहिली. वर पत्रा, पुढं मोरी, मागं भिंतीला लागून लोखंडी सळयांची रोलिंग मिल. ज्या दिवशी कपड्यांची ट्रंक रिक्षात ठेवली, त्या दिवशी घरात कुणी अडवलं नाही. आर्यन ट्रंक उचलायला आला. तो तिच्या कडेवर वाढलेला मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आत्या, लग्न झालं की मी येऊन नेतो तुला." ती बरं म्हणाली. तो खरं बोलतोय असं त्याला स्वतःला वाटत होतं, हे तिला दिसत होतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

पहिले काही दिवस भाजी एका माणसाची करायची कशी हेच तिला कळेना. रोज उरायची, सकाळी तीच डब्यात न्यायची. खोलीत एक रिकामा कोनाडा होता. घरमालकीण, बेबीनंदा, विचारायची की बाई, देव कधी बसवणार. शीतल म्हणायची, बसवू. कोनाड्यात तिनं तेलाची बाटली आणि कंगवा ठेवला. रागानं ठेवला असं नाही. संध्याकाळी खाटेवर पडल्यावर ती कान देऊन पाहायची, की पूर्वी गच्चीवर यायचं तसं कुणाचं असणं जाणवतंय का. मिलचा आवाज यायचा. बाकी काही यायचं नाही. मग तिला शंका यायची, की तेव्हा तरी कुणी होतं का, की खाली घरात आपली माणसं निजली आहेत या भरवशालाच आपण देव म्हणत होतो.

आर्यनचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आष्टीला झालं. पत्रिकेवर तिचं नाव नव्हतं, पण आर्यननं फोन केला, आणि ती गेली. मंगल कार्यालयाच्या दारातच तिला कळलं की काहीतरी वेगळं आहे. अनोळखी बायका तिला वाट करून देत होत्या. एकीनं खुर्ची आणली. दुसरीनं पंखा तिच्याकडे वळवला. नवरीची आजी, झुंबरबाई, नातवंडांच्या आधारानं आली आणि सरळ तिच्या पायांवर वाकली. म्हणाली, माई, आश्रम सोडून लेकराच्या लग्नाला आलात, आमचं भाग्य.

शीतलनं तिला हाताला धरून उठवलं. समोर हरिओम अक्षतांचं ताट घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पडला होता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि ती काय बोलेल ते त्याला ऐकू येईल एवढ्या अंतरावर होता.

"आजी," शीतल म्हणाली, "मी कुठल्या आश्रमात न्हाई. मी कंपनीत कामाला हाये. एमआयडीसीत भाड्याच्या खोलीत राहते. मला यांनी घरातून काढलं."

झुंबरबाईनं तिच्याकडे एकटक पाहिलं. म्हातारीचे डोळे भरून आले. ती मागच्या बायकांकडे वळून म्हणाली, "बघा गं. खरा साधू असाच अस्तोय. स्वतःला काहीच म्हणवून घेत न्हाई." आणि तिनं एकेकीला पुढं बोलावलं, चला, पाया पडा.

त्या एकामागून एक आल्या. शीतलनं एकदोघींना अडवून पाहिलं, मग तिचा हात आपोआप त्यांच्या डोक्यावर जायला लागला. हरिओमनं श्वास सोडला आणि अक्षता वाटायला गेला. माना खाली घालून पुढं येणाऱ्या त्या बायकांकडे बघताना शीतलच्या मनात आलं, राजूरला गाभाऱ्यात बसलेल्याचंही असंच होत असणार. त्याला कुणी विचारत नाही. ज्याच्या मनात जे येईल ते तो देवाच्या नावावर करून मोकळा होतो, आणि देव ओरडून सांगत असला तरी लोक हात जोडून म्हणतात, किती मोठा आहे. तिला त्याची कीव आली. इतक्या महिन्यांत त्याच्याविषयी तिला काही वाटलं ते एवढंच.

जेवणं झाल्यावर ती आईजवळ गेली. सोनूबाई भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. तिनं शीतलचा हात धरला, बरी हायेस का विचारलं, आणि मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "भावना माझं डोकं बराबर धूत न्हाई. एखाद्या रविवारी येशील का?"

"बघू," शीतल म्हणाली.

आईला तिनं आजवर असं उत्तर कधीच दिलं नव्हतं. सोनूबाईला त्याचा अर्थ कळला. तिनं हात सोडला आणि मांडीवरचा पदर सारखा करत बसली. बाहेर परतूरमार्गे जालन्याला जाणारी बस लागली होती. खिडकीची जागा पाहून शीतल बसली आणि तिनं पिशवी मांडीवर घेतली.